हिरव्याचा नंबर

शशिधरने मॉनिटरच्या मागे हात घालून केबल काढली, पिनांवर फुंकर मारली आणि ती पुन्हा घट्ट बसवली. पडदा क्षणभर काळा होऊन परत उजळला. गडद हिरव्या पट्ट्याच्या मधोमध एक बारीक लाल रेघ दिसायला हवी होती. ती आताही दिसेना. त्या जागी नुसता मळकटपणा होता, धुतलेल्या टेबलक्लॉथवर चहाचा डाग मागे राहतो तसा.

"मॉरीन, जरा येतेस? मॉनिटर गेलाय बहुतेक. लाल दाखवतच नाही."

मॉरीन शेजारच्या खोलीतल्या हातमागावरून उठून आली. नमुन्याचं कापड विणायचं काम तिच्याकडे होतं. या कॉम्प्युटरवर तिचा राग होता. लीड्सजवळच्या त्या लोकरीच्या गिरणीत तो आल्यापासून तिच्या मागावरचे नमुने निम्म्यावर आले होते. तिने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

"कुठली लाल?"

"हिरव्याच्या मधली."

"ही काय! पोस्टाच्या पेटीसारखी लाल आहे की." तिने काचेवर बोट टेकवलं. "याला काही झालेलं नाही, लव्ह." तिकडे सगळेच सगळ्यांना लव्ह म्हणत. "दिवसभर त्याच्यात डोळे घालून बसतोस, दुसरं काय होणार? जा घरी लवकर."

ती गेल्यावर शशिधर तिने बोट टेकवलं होतं त्या जागेकडे बघत राहिला. मग उठून खिडकीशी गेला. आवारात नेहमीची डिलिव्हरी व्हॅन उभी होती. ती लाल आहे हे त्याला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच ती लाल होती. डोळ्यांना ती ओल्या मातीच्या रंगाची दिसत होती.

चेस्ट क्लिनिकमधल्या उंच आयरिश डॉक्टरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गोळ्यांची नावं एकेक करून समजावताना तो थांबला होता आणि म्हणाला होता, "नजरेत काही फरक वाटला, विशेषतः रंगांमध्ये, तर बंद करायची आणि ताबडतोब इकडे यायचं." शशिधरने मान हलवली होती. मानेतल्या गाठीवर तेव्हा पट्टी होती. ही गाठ टीबीची निघाली, पण ती कुणाला लागणारी नाही, छाती स्वच्छ आहे, असं डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत होता. घरी आल्यावर सुप्रभाने एवढंच विचारलं होतं, "पण नाव तेच ना?" आणि तिनेच ठरवून टाकलं होतं की मंडळात, शेजारी, कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही. मीनलला सांगायचं ते 'ग्लँडचं इन्फेक्शन'.

पण 'बंद' हा शब्द शशिधरच्या कानात वेगळाच वाजला होता. इचलकरंजीला त्याची मोठी बहीण आशाताई अशाच गोळ्यांवर होती. चार महिन्यांत अंग भरलं, गालांवर तकाकी आली, आणि गोळ्यांनी पोटात ढवळतं म्हणून तिने त्या परस्पर बंद केल्या. घरात सगळ्यांना वाटलं, बरी झाली. पुढच्या वर्षी दुखणं उलटलं तेव्हा त्याच गोळ्यांचा काही उपयोग झाला नाही. शशिधर तेव्हा टेक्स्टाईलच्या शेवटच्या वर्षाला होता. शेवटच्या आठवड्यात ती उशीला टेकून त्याच्या विणकामाच्या डिझाईनच्या वह्या चाळायची आणि म्हणायची, "हा रंग छान घेतलायस हं शशी."

त्यामुळे त्या संध्याकाळीही तो घरी आला, जेवला, आणि सुप्रभाने समोर ठेवलेल्या सगळ्या गोळ्या एकामागून एक गिळल्या.

खरं म्हणजे कामात काही अडत नव्हतं, आणि तोच घोटाळा होता. टार्टन, म्हणजे स्कॉटिश चौकड्यांचं कापड, हा रंगीत पट्ट्यांचा एक क्रम. जो क्रम ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, तोच बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत. उभा हिरवा आडव्या हिरव्याला छेदतो तिथे शुद्ध हिरवा चौकोन होतो, आणि निळ्याला छेदतो तिथे तिसरीच छटा जन्माला येते. पूर्वी हे सगळं सूत पुठ्ठ्यावर गुंडाळून बघावं लागे. आता शशिधर कळफलकावर नंबर आणि धाग्यांची संख्या टाकायचा, आणि यंत्र तो क्रम आरशासारखा उलटवून, आडवा-उभा पसरवून, पडद्यावर कापड अंथरायचं. गिरणीच्या शेड कार्डावरचा, रंगांच्या तक्त्यावरचा, एकेक नंबर त्याला तोंडपाठ होता. चौदा म्हणजे शेंदरीकडे झुकणारा लाल, एकतीस म्हणजे नेव्ही, सहा म्हणजे बाटलीचा हिरवा. डोळे मिटून त्याने नंबर लावले असते तरी कापड बिघडलं नसतं. जवळजवळ तसंच तो करत होता. एकदा डायरेक्टर विल्बी मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हल्ली तुझ्या डिझाईनमध्ये धीटपणा आलाय, शशी." त्याने हसून आभार मानले. मग टॉयलेटमध्ये जाऊन तो तोंडावर पाणी मारत उभा राहिला.

क्लिनिकच्या पुढच्या भेटीत नर्सने विचारलं, "डोळे ठीक?" तो म्हणाला, "फाईन."

त्यानंतर गेडीस आले. ते गावातल्या पाइप बँडचे प्रमुख, पिकल्या मिशांचे, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी टिश्यू पेपरमधून एक तुकडा काढला. तो त्यांच्या वडिलांच्या किल्टचा, म्हणजे बॅगपाइप वाजवणारे पुरुष घालतात त्या चुणीदार घागऱ्याचा होता. जुना बँड लढाईच्या काळात मोडला होता. आता नवा उभा राहत होता, आणि त्यांना नवं टार्टन हवं होतं.

"रेघा तुम्हाला हव्या तशा काढा," ते म्हणाले. "कापडाच्या जमिनीचा रंग मात्र हाच. वडिलांचा हा हिरवा मला परत पाहिजे."

शशिधरने तुकडा हातात घेतला. बोटांना सूत कळलं, वीण कळली, लोकरीचा पीळसुद्धा कळला. रंग कळला नाही. विल्बींनी कपाटातून एका सूतवाल्याचं नवीन कार्ड काढून दिलं. त्यात उडालेल्या, जुनाट रंगांच्या छटा होत्या, शेवाळाच्या, झाडाच्या सालीच्या. सुताच्या लहान लहान झुपक्यांखाली नुसते नंबर होते, नावं नव्हती. आणि हे नंबर त्याच्या पाठांतरातले नव्हते.

"सोमवारी सांगतो," तो म्हणाला. "हा रंग घरी दिवसाच्या उजेडात बघायला हवा."

शनिवारी सकाळी सुप्रभा मार्केटला गेल्यावर त्याने किचनच्या टेबलावर दोन्ही कार्डं आणि तो तुकडा मांडला. मीनल टोस्ट खात होती. ती तेरा वर्षांची होती, केस नुकतेच स्वतःच कापून घेतलेले, आणि इथेच वाढल्यामुळे मराठी थोडं अडखळणारं.

"ये, एक गंमत करू. या रेघेतला लाल या कार्डावर शोध बघू."

"मी काय लहान आहे, बाबा?" पण ती आली, वाकली आणि झटकन म्हणाली, "फोर्टीन."

"बरोबर. आणि निळा?"

"थर्टी-वन."

"शाब्बास. आता हा हिरवा. तो या दुसऱ्या कार्डावर बघायचा." त्याने पेन्सिल हातात घेतली.

मीनलने कार्डावर नजर फिरवली. मग वर बघितलं. "तुम्ही पण बघा ना."

"तू सांग. मग मी बघतो."

"नाही. आधी तुम्ही."

तो कार्डावर वाकला. झुपक्यांच्या रांगा सगळ्या एकाच भिजलेल्या पुठ्ठ्याच्या रंगाच्या होत्या. त्याने उगीच चष्मा काढून पुसला. मीनलने दप्तर ओढलं, त्यातून एक स्केचपेन काढलं आणि त्याच्यासमोर धरलं.

"बाबा, ही कुठला रंग आहे?"

त्याने टोपणाकडे बघितलं. "लाल," तो म्हणाला.

तिने पेन टेबलावर आडवं ठेवलं. त्याच्यावर बारीक अक्षरात 'ग्रीन' असं छापलेलं होतं. ते वाचायला त्याला पेन जवळ घ्यावं लागलं.

"गोळ्यांमुळे होतं असं," तो घाईने म्हणाला. "कोर्स संपला की जाईल."

"आईला माहीत आहे?"

"नाही. आणि सांगायचं नाही."

"डॉक्टरला?"

"तो गोळ्या बंद करेल, मीनू."

"मग करू दे ना! तुम्हाला काय दिसतच नाही!"

तेव्हा त्याने तिला आशाताईची गोष्ट सांगितली. त्याआधी त्याने ती या देशात कुणालाही सांगितली नव्हती, सुप्रभालासुद्धा अर्धीच. सांगता सांगता आजाराचं खरं नावही तोंडातून गेलं. मीनल टोस्टचा कडेचा भाग कुस्करत ऐकत होती.

"म्हणजे ती स्टॉप केली म्हणून मेली?"

"हो."

"पण ती डॉक्टरला न विचारता स्टॉप केली. तुम्ही विचारा ना."

त्याने तिचा हात धरला. "इथे माझी नोकरी डोळ्यांवर आहे. मागच्या वर्षी किती माणसं काढली ते बघितलंस ना? थोडे दिवस, फक्त. आईला नाही, कुणालाच नाही. प्रॉमिस कर."

तिने टोस्टचा चुरा बशीत गोळा केला. मग म्हणाली, "प्रॉमिस." तो शब्द अगदी शाळेतल्या इंग्रजी उच्चारात आला, ओळख नसलेल्या माणसाला द्यावा तसा.

"मग सांग आता हा हिरवा."

मीनलने तुकडा कार्डाजवळ धरून एकेक झुपका लावून बघितला. मग तुकडा आणि कार्ड दोन्ही उचलून ती खिडकीशी गेली आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. बाहेर पावसाळी पण स्वच्छ उजेड होता. परत येऊन तिने कार्ड त्याच्यासमोर ठेवलं आणि एका झुपक्यावर बोट टेकवलं.

"हे. ट्वेंटी-टू."

"नक्की?"

तिने मान हलवली. त्याने बावीस लिहिलं. तिचं बोट अजून तिथेच होतं.

सूत आलं, तेव्हा मॉरीन सुताचा कोन हातात घेऊन त्याच्या खोलीत आली होती. "बावीसच ना रे? पडद्यावर तर तू वेगळंच लावलंयस."

"पडद्यावर कधी खरा रंग येतो का? तूच म्हणतेस ना."

"ते खरं." तिने खांदे उडवले. "तुला माहीत."

नमुना विणून झाला त्या दिवशी गेडीस सूट घालून आले. विल्बींनी कापड टेबलावर पसरलं. मॉरीन दारात हात पुसत उभी होती. गेडीसनी टिश्यू पेपर उलगडला, वडिलांचा तुकडा नव्या कापडावर ठेवला आणि वाकून बघितलं. मग त्यांनी तुकडा थोडा सरकवून पुन्हा ठेवला, जागा बदलून रंग जुळेल अशा आशेने.

"वीण सुंदर आहे," शेवटी ते म्हणाले. "पण हा तो नाही."

"जुना हिरवा असा उजेडाप्रमाणे फिरतो," शशिधर म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच चढा वाटला. "खिडकीशी नेऊन बघा."

विल्बींनी आधी कापडाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "शशी, यात हिरवा कुठे आहे तो दाखव बरं मला."

शशिधरने हात पुढे केला. कापडावर बोट ठेवायला त्याला जागा सापडेना.

मॉरीन पुढे आली. तिने त्याचा हात हळूच बाजूला केला. "शशी," ती म्हणाली, आणि तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, भीती होती. "हा ब्राऊन आहे. लहान मूलसुद्धा सांगेल."

लहान मूल. त्याला किचनमधलं टेबल दिसलं. चौदा, एकतीस, एका क्षणात, न चुकता. मग खिडकी, आणि त्याच्याकडे फिरवलेली ती अरुंद पाठ. एका हिरव्यासाठी किती वेळ उभी होती ती तिथे?

तो खुर्चीत बसला. "मला रंग दिसत नाहीत," तो म्हणाला. "महिना होऊन गेला."

"महिना?" विल्बी म्हणाले. "आणि ही सगळी डिझाईन्स?"

"नंबरांवर केली."

"कशाने झालं हे?"

"औषधाने. मला टीबी आहे. मानेत. कुणाला लागणारा नाही." इंग्रजीत ही वाक्यं किती छोटी होती.

विल्बी एक पाऊल मागे गेले. ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते पुन्हा पुढे आले. मॉरीन तिथून हलली नाही. "माझ्या मावशीला होता," ती म्हणाली. "अरे वेड्या माणसा, मला सांगायचंस. मी तुझ्या शेजारच्याच खोलीत असते."

गेडीसनी तुकडा घडी करून खिशात ठेवला होता. आता त्यांनी तो पुन्हा काढला आणि मॉरीनच्या हातात दिला. "मला काही घाई नाही," ते म्हणाले.

दारापर्यंत विल्बी सोबत आले. "आधी बरा हो. मॉरीन बसेल तोपर्यंत मशीनवर. मग बघू."

"मग बघू," शशिधरने मनाशी म्हटलं. बसमध्ये बसेपर्यंत तो तेच दोन शब्द घोळवत होता.

घरी सुप्रभा ऑफिसमधून येऊन भाजी चिरत होती आणि मीनल टेबलाशी गृहपाठ करत होती. त्याने कोटसुद्धा काढला नाही.

"सुप्रभा, मला रंग दिसत नाहीत. गोळ्यांनी झालंय. गिरणीत आज कळलं सगळ्यांना. आजाराचंही सांगितलं मी."

सुरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. "कधीपासून?"

"झाला महिना."

"महिना? आणि मी रोज समोर गोळ्या आणून ठेवतेय? माझ्याच हाताने? अहो, तोंड शिवलं होतं का तुमचं?" तिचा आवाज फुटला. मग ती एकदम खाली बसली. "कुणाला सांगायचं नाही, हे मीच म्हटलं होतं ना," ती पुटपुटली. "बाहेर सांगू नका म्हटलं होतं. मला सांगू नका, असं नव्हतं म्हटलं."

मीनल वहीत मान खुपसून बसली होती. तिचं पेन कागदावर टेकलेलं होतं आणि चालत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिघंही क्लिनिकला गेले. शाळा बुडेल असं सुप्रभा म्हणाली, पण मीनल बूट घालून दारात उभीच होती. आयरिश डॉक्टरने ठिपक्यांच्या चित्रांचं पुस्तक उघडून शशिधरसमोर धरलं. प्रत्येक पानावर ठिपक्यांत एक आकडा लपलेला होता. शशिधर पानामागून पान म्हणत गेला, "नाही. नाही. दिसत नाही." कितीतरी दिवसांत त्याने इतकी खरी उत्तरं दिली नव्हती.

"मी सांगितलं होतं ना, बंद करा म्हणून?" डॉक्टर म्हणाला.

"गोळ्या बंद केल्या तर दुखणं उलटतं."

डॉक्टरने पुस्तक मिटलं. "सगळ्या नाही. ही एकच. चारांतली एक. बाकीच्या तीन तुम्हाला बरं करणार आहेत. मी हे त्याच दिवशी सांगितलं होतं, मिस्टर कारखानीस."

सांगितलं असणार. शशिधरने आठवून बघितलं. त्या दिवशीच्या बोलण्यातला 'बंद' एवढा एकच शब्द त्याला ऐकू येत होता. त्याच्या पुढचं-मागचं काही नाही.

"परत येईल का नजर?" सुप्रभाने विचारलं.

"बहुतेकांची येते. काही महिने लागतात. सगळी येईल असं वचन देणार नाही मी. आणखी महिनाभर घेत राहिले असते तर मात्र मी 'बहुतेक' असंही म्हटलं नसतं."

खाली आल्यावर सुप्रभा तिथूनच ऑफिसला गेली. जाताना तिने शशिधरच्या कोटाची वरची गुंडी लावली, असं ती रस्त्यात कधी करत नसे. बापलेक बसच्या वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसले. मधे शशिधरची बॅग होती. मीनल समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होती आणि जॅकेटची चेन वर-खाली करत होती.

"तो माणूस खूप रागावला?" तिने विचारलं.

"नाही. मॉरीन दुसरं विणून देणार आहे त्याला."

"आणि तुमची जॉब?"

"बघू म्हणालेत."

चेन थांबली. तिचे ओठ घट्ट मिटले. दोन स्टॉप गेले. हेडिंग्लीला बरीच माणसं चढली, बरीच उतरली.

"मीनू," तो म्हणाला, "त्या शनिवारी तू नीट बघितलं होतंस ना?"

काचेवर पावसाचे थेंब तिरके धावत होते, आणि खाली सिग्नलला बस थांबली.

"हो," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "दोनदा बघितलं."

शशिधरने मान हलवली. बस निघाली तेव्हा त्याने मधली बॅग उचलून मांडीवर घेतली, आणि मीनल सरकून त्याच्या जवळ बसली.